मुंगूस आपलंच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर तुम्ही एकट्यानं विचारलेलं नाही. इंग्रजीतलं 'मंगूस' हे आपल्या 'मुंगूस'वरूनच गेलं ना, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर दहाव्याला गेले असताना विचारला गेलाय. मी शब्दांच्या मुळांवर लिहिते, कोशाची कामं करते. डॉक्टर दिसला की लोक जीभ बाहेर काढतात, तसे माझ्यापुढे शब्द काढतात. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या 'ना'बद्दल आहे. तुम्हाला उत्तर नको असतं, शिक्का हवा असतो. मी 'हो, पण' म्हणते, आणि 'पण'च्या पुढे ऐकायला कुणी थांबत नाही.

तर आधी 'हो'. आजचे बरेचसे इंग्रजी कोश या शब्दाच्या मुळाशी मराठीचं नाव घेतात, आणि ते उगाच घेत नाहीत. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ साली हिंदुस्थानात आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८मध्ये लंडनला छापलं गेलं, आणि त्यात मुंगूस आहे. फ्रायर मुंबईत राहिला, सुरतेला राहिला, शिवकालात थेट जुन्नरपर्यंत जाऊन आला. आता एवढा मराठी मुलूख तुडवलेल्या माणसानं हा शब्द आणखी कुठे ऐकला असणार? माझ्या विशीतल्या वहीत या वाक्याखाली दोन रेघा मारलेल्या आहेत. पुढे 'मराठीची जगाला देणगी' असंही लिहिलंय, उद्गारचिन्हासकट.

वही लिहिणाऱ्या त्या विशीतल्या मुलीशी माझं अजून भांडण चालू आहे. तिला म्हणावंसं वाटतं, बाई गं, फ्रायरचं जहाज आधी कुठे लागलं ते पाहिलंस का? मुंबई बघण्याआधी तो मछलीपट्टणला आणि मद्रासला उतरला होता. मछलीपट्टण म्हणजे तेलुगू किनारा, आणि तेलुगूत या प्राण्याला 'मुंगिस' म्हणतात. कन्नडात 'मुंगुसि'. म्हणजे बिचाऱ्याला मुंबईत पाय ठेवण्यापूर्वीच हा शब्द भेटला असू शकतो. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा १८८६चा कोश तर सरळ सांगतो की शब्द तेलुगू आहे. दख्खनी (म्हणजे दक्षिणेतली उर्दू) आणि मराठीचा उल्लेख त्यानंतर, जेर्डन या प्राणिशास्त्रज्ञाच्या हवाल्यानं येतो. (यावर ती मुलगी लगेच म्हणते, बर्नेलची सगळी नोकरी मद्रास इलाख्यात झाली, त्याला तेलुगूच आठवणार! मुद्दा वाईट नाही. पण मग मराठीकडे बोट दाखवणारे कोण कुठे बसून लिहीत होते, तेही बघावं लागेल.)

नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला संस्कृत 'नकुल'चा गोतावळा आहे. हिंदीत नेवला, गुजरातीत नोळियो. बंगालीत बेजी, ते वेगळंच. खाली तमिळ आणि मलयाळममध्ये 'कीरि'. तमिळमध्ये लाडानं 'कीरिप्पिळ्ळै', म्हणजे कीरि-बाळ; आणि हेच नाव १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथात 'क्विर्पेले' होऊन बसलंय. कोकणी मुलखात बसून लिहिणाऱ्या पोर्तुगीज वैद्याच्या कानावर तमिळ नाव पडलं! कुणी कुठे राहिला यावरून त्यानं शब्द कुठून उचलला हे ठरवणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण पाठ करून ठेवावं. आणि या दोन पट्ट्यांच्या मधोमध, समुद्रापासून समुद्रापर्यंत, मुंगूस: मराठी, कोकणी, कन्नड, तेलुगू, दख्खनी.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी सुखानं 'द्राविडी' म्हणून मोकळी झाले असते. पण सिंहलीत या प्राण्याला 'मुगटिया' म्हणतात. श्रीलंकेत वर्षानुवर्षं कैदेत राहिलेल्या रॉबर्ट नॉक्सनं १६८१च्या पुस्तकात ते नोंदवलंय, म्हणजे फ्रायरचं पुस्तक निघण्याच्याही आधी. सिंहली ही आर्य कुळातली, प्राकृताच्या घरची भाषा. मधली तमिळ ओलांडून ती मुंगसाशी नातं सांगते. त्यात बाराव्या शतकातल्या हेमचंद्र या जैन पंडितानं 'देशीनाममाला' या प्राकृत शब्दांच्या कोशात 'मुग्गस' हा शब्द दिलाय, अर्थ नकुल. वहीतली मुलगी इथे टाळ्या वाजवते: प्राकृत, म्हणजे आपलं! पण हेमचंद्रानं तो शब्द ज्या यादीत घातला तिचं नावच देशी. संस्कृतातून ज्यांची व्युत्पत्ती लावता येत नाही असे शब्द तिथे आहेत, आणि त्यांतले कितीतरी दक्षिणेकडून वर आलेले असू शकतात. म्हणजे फिरून आपण चौकातच.

हे सगळं मी सोलापुरात सांगायला गेले होते. का गेले, कुणी बोलावलं ते सोडा. निमित्त मराठी भाषा गौरव दिनाचं होतं आणि विषय त्यांनीच दिला होता: 'जगाच्या बोलण्यात मराठी'. मुंगसावर यायला मला फार वेळ लागला नाही, कारण खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते. फ्रायर झाला, ऑर्ता झाला. 'हॉब्सन-जॉब्सन'चं ते वाक्य मी मोठ्यानं वाचून दाखवलं. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. अध्यक्ष माइक ओढून हसत म्हणाले, "मॅडम, थोडक्यात सांगा. शब्द आपला की नाही?"

मी म्हटलं, "आपला म्हणजे कुणाचा?"

मला ते वाक्य फार आवडलं होतं. घरून तयार करून नेलेलं होतं. त्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "मराठी दिनाला बोलावलंय, तेलुगू दिनाला नाही!" हशा झाला. मग दुसरा एक उठून म्हणाला की अशाच लोकांमुळे भाषेची ही अवस्था झाली. तिसऱ्यानं विचारलं, माझं माहेरचं आडनाव काय. मी आडनाव सांगितलं नाही, त्याचा आणखी वेगळा अर्थ निघाला. उरलेलं भाषण मी केलं, पण ते माझ्याही लक्षात नाही. टाळ्या पडल्या त्या आभाराच्या.

चहाच्या टेबलाशी एक वयस्क गृहस्थ आले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. निवृत्त शिक्षक, जन्मभर मराठी शिकवलेली. घरची भाषा तेलुगू, हे त्यांनीच सांगितलं. सोलापुरात पद्मशाली समाजाची घरंच्या घरं तशी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या माग चालवले, घरात तेलुगू आणि दारात मराठी. मला वाटलं, चला, एक तरी माणूस आपल्या बाजूचा निघाला. मी कप खाली ठेवून नमस्कार केला.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही तेलुगू म्हणालात तेव्हा पुढच्या दोन रांगांनी वळून माझ्याकडं बघितलं. तुमच्या लक्षात आलं का?"

आलं नव्हतं. मी कागदात बघत होते.

"यांच्यातल्या निम्म्यांचे ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारलेत. कधी कुणी विचारलं नाही, सर तुम्ही कोण. आज एका जनावरापायी मी त्यांचा पाहुणा झालो."

"सर, पण मी तर तुमच्याच बाजूनं बोलत होते."

"माझी बाजू निराळी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी गप्प. ते आवाज न चढवता बोलत होते, आणि तेच जास्त लागत होतं. म्हणाले, "आई मुंगिस म्हणायची. शाळेत मुंगूस. मला ते दोन शब्द कधी वाटलेच नाहीत हो. आज तुम्ही मधून चिरलेत." आणि मग, चहा न घेताच, "अभ्यास चांगला आहे तुमचा," असं म्हणून ते गेले.

परतीच्या गाडीत मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ सुनावलं. पुरावा आहे तो सांगायचा नाही का? कुणाला अवघडल्यासारखं होतं म्हणून बर्नेलचं वाक्य गिळायचं? ओरडणाऱ्यांनाही माझ्याकडून विनाअट 'हो' हवं होतं आणि सरांनाही तेच हवं होतं. कारणं उलटी, मागणी एक. मी कुणाकुणासाठी काय काय झाकायचं? हे सगळं मला आजही पटतं. तरी त्यांच्या बोलण्यातलं काहीतरी सलत राहिलंय. तेलुगूचं नाव मी त्या दिवशी माहिती म्हणून घेतलं की अभिमान्यांना हाणायला काठी म्हणून उचललं? दोन्ही. दुसऱ्यात मला मजा येत होती, हे कबूल करते. पण कोणत्याही हेतूनं सांगितला तरी पुरावा पुरावाच राहतो, यावरही मी ठाम आहे. या दोन वाक्यांची दिलजमाई मला अजून जमलेली नाही.

सरांचं ते 'मधून चिरलेत' मात्र मी भाषाशास्त्राच्या अंगानं तपासून पाहिलं, आणि ते भावनेच्या भरातलं बोलणं वाटत नाही. या पट्ट्यात शेकडो वर्षं माणसं दोन-दोन, तीन-तीन भाषा घेऊन जगली. शब्द अमक्या वर्षी या भाषेतून त्या भाषेत गेला, असं म्हणायला आधी दोघींच्या मधे वेस असावी लागते. मुंगसापुरती ती वेस होती का? होती असं धरून आपण सगळे कोश लिहिले. मीही लिहिले.

आणि पुढचा प्रवास तर कुणाच्या मालकीचं ऐकणाराच नाही. १८७२ साली उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला जमैकात मुंगसं नेली, ती कलकत्त्याहून. तिकडची माणसं त्याला बेजी किंवा नेउल म्हणणार. पण बोटीवर चढलेल्या त्या बंगाली जनावराचं नाव कागदोपत्री दख्खनचं होतं, कारण इंग्रजांच्या तोंडी तेच बसलेलं. जमैकातून १८८३मध्ये ती हवाई बेटांवर गेली, १९१०मध्ये जपानच्या ओकिनावात हिंदुस्थानातून आणखी गेली, आणि जपानीत शब्द झाला 'मांगूसु'. फ्रेंच 'मांगूस्त', रशियन 'मान्गूस्त', जर्मन 'मुंगो'. शास्त्रीय नावांत तर गंमतच. 'मुंगोस मुंगो' हे नाव ज्या पट्टेदार प्राण्याला आहे तो आफ्रिकेतला, आपल्याकडे तो नाहीच. आणि आपल्या बांधावरून पळणाऱ्या करड्या मुंगसाला अलीकडे 'उर्वा' या वंशात (जीनसमध्ये) टाकलंय, ते नाव नेपाळकडून आलेलं.

प्राणी पोचतो तिथे नाव पोचतं, म्हणावं तर उलटंही घडतं. पंचतंत्रातली ब्राह्मणी आणि मुंगसाची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. ती अरबीत 'कलीला व दिम्ना'मध्ये गेली तेव्हा मुंगसाच्या जागी 'इब्न इर्स' आलं, म्हणजे वीझल, मुंगसासारखाच दिसणारा पण वेगळ्याच कुळातला प्राणी. युरोपात पोचेपर्यंत त्याचा कुत्रा झाला आणि वेल्समध्ये त्या कुत्र्याचं थडगंसुद्धा दाखवतात. तुर्की भाषेनं तर मुंगसाला 'फिरऔनाचा उंदीर' केलं. ग्रीकांनी इजिप्तमधलं मुंगूस बघून 'इख्न्युमॉन' म्हटलं, माग काढणारा. या सगळ्यात मला तेच नाव सर्वांत आवडतं, आणि त्याच्याशी आपला काही संबंध नाही, हे बरं आहे.

तुमचे बाकीचे प्रश्न झटपट. इंग्रजीत अनेकवचन 'मंगूसेस' होतं. 'मंगीस' होत नाही, कारण शेवटच्या 'गूस'चा हंसाशी संबंध नाही, कानाला वाटतो तेवढाच. मुंगूस सापाचं विष उतरवायला मुळी खातं ही समजूत जुनी आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं तर एका वनस्पतीच्या नावात 'मुंगोस' घातलं; पण मुंगूस वाचतं ते चपळाईनं, आणि नागाचं विष जिथे चिकटतं ते त्याच्या स्नायूंतलं प्रथिनच वेगळ्या घडणीचं असल्यामुळे. पांडवांतल्या नकुलाचं मुंगसाशी काय नातं, हे मला विचारू नका. 'न कुल' म्हणजे ज्याला कुळ नाही, अशी फोड तर मुळीच ऐकवू नका.

आता ताजी गोष्ट. परभाषेत गेलेल्या मराठी शब्दांची एक यादी काहीजण मिळून करतायत, मुंगसाची नोंद माझ्याकडे आली. तक्त्यात 'मूळ भाषा' असा एक रकाना आहे आणि त्यात एकच नाव मावतं. मी 'दख्खन' लिहून पाठवलं. परत आलं, दख्खन ही भाषा नाही म्हणून. मग 'मराठी-कन्नड-तेलुगू' लिहिलं, तर कळवलं की यादी मराठी शब्दांची आहे, हा शब्द काढून टाकावा लागेल. हे वाचल्यावर मी चक्क चिडले. म्हटलं, काढायचा नाही! माझं मलाच नवल वाटलं. नोंद अजून त्यांच्याकडेच पडून आहे. त्यांना रकान्यात नुसतं 'मराठी' लिहायचं असेल तर लिहू देत, ते सरळ खोटं ठरणार नाही. फक्त त्या नोंदीखाली माझं नाव घालू नका, असं मी त्यांना कळवलंय.