तुम्ही विचारलंत म्हणून: एक्स-रेत काही नाही, मग कॅज्युअल्टीत फिजिओ कशाला?

बडोद्यातल्या मराठी घरांतून हा प्रश्न साधारण याच शब्दांत येतो: "आजी न्हाणीघरात पडल्या, रात्रीच कॅज्युअल्टीत नेलं, एक्स-रे चांगला आला. मग तिथेच फिजिओ कशाला बोलवायचा? आठवड्याने ओपीडीत दाखवू."

एक्स-रे फक्त हाडाचं सांगतो. आजी का पडल्या, आणि आज रात्री दोन वाजता उठल्या तर पलंगापासून संडासापर्यंत पोचतील का, हे त्यांना उभं करून, चालवूनच कळतं. ओपीडीच्या तारखेआधी सात रात्री काढायच्या असतात, म्हणून हे घरी सोडण्याआधी बघायचं.

पहिला हक्क डॉक्टरांचा, हे खरंच. डोक्याला मार लागला असेल, त्यातून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याच्या सीटी स्कॅनचा निर्णय आधी. पाय आखूड दिसतो, बाहेर वळलाय, जांघेत कळ येते, अशा माणसाला कुणीही उभं करू नये. आणि किती वेळ जमिनीवर पडून होत्या, हे आपण होऊन सांगा. तासाभराहून जास्त वेळ पडून राहिल्यास दाबलेले स्नायू खराब होऊन मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, त्यासाठी रक्त तपासावं लागतं.

मग फिजिओचं काम सुरू होतं. पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्यायचं, उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर पडण्याचं एक कारण हाती लागलं. अशा वेळी डॉक्टरांसमोर गोळ्यांची सगळी पिशवी ओतायची: झोपेच्या, बीपीच्या, प्रोस्टेटच्या. नुसती यादी आणली तर शेजारणीने दिलेली गोळी तिच्यात नसते.

त्यानंतर खुर्चीवरून उठणं, नेहमीच्या चालीने 3 मीटर जाणं, वळून परत येऊन बसणं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. मला मात्र घड्याळापेक्षा वळण महत्त्वाचं वाटतं. उठताना दोन्ही हातांनी रेटावं लागतं का, वळायला बारीक बारीक पावलं पडतात का, बोलता बोलता चाल थांबते का, यावरून पुढची तजवीज ठरते. आणि चालताना जांघेत कळ आली, तर एक्स-रे चांगला असला तरी तिथेच थांबायचं. मांडीच्या सांध्याची बारीक चीर साध्या एक्स-रेत निसटू शकते, ती सीटी किंवा एमआरआयमध्ये सापडते. फिजिओ तिथे हवा, त्याचं हे एक मोठं कारण.

ही तपासणी बिघडते ती क्षुल्लक गोष्टींनी. घाईत चष्मा घरी राहतो, चप्पल राहते, कानाचं यंत्र राहतं. अनवाणी, अंधुक दिसत असताना गुळगुळीत फरशीवर चालवलं तर जे दिसतं ते खोटं असतं. 108 बोलावलीत की गाडी येईपर्यंत हे सगळं आणि त्यांची काठी एका पिशवीत टाका.

काठीबद्दल चुका फार होतात. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टाकायची. चप्पल घालून सरळ उभं राहावं, हात सैल सोडावा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. खालचं रबर झिजलं की बदलायचं. वॉकर शेजाऱ्यांकडून आणलात तर त्याची उंची आधी जुळवा, आणि न्हाणीघराचा दरवाजा मोजा. वॉकर आत जात नाही, म्हणून तो उंबरठ्याशी सोडून माणूस ओल्या फरशीवर एकटा जातो, आणि नेमका तिथे पडतो.

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांत जिना उभा असतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, एक हात कठड्यावर. कठड्याच्या जागी नुसता दोर असेल, तर काही दिवस आजींची झोपायची सोय खालीच करा. झोपाळ्याचंही तसंच. उठायला जोर लावला की तो मागे सरकतो आणि पाय पुढे निसटतात. सध्या हातांची, न हलणारी खुर्ची द्या. यावर घरात वाद होतो हे माहीत आहे, झोपाळा ही त्यांची हक्काची जागा असते. चाल सुधारली की परत बसतील, कड्या धरायला कुणी उभं असलं म्हणजे झालं.

इस्पितळ सोडण्याआधी, दुखणं बेताचं असेल तर, जमिनीवरून उठायलाही शिकवून घ्या: कुशीवर वळणं, कोपरावर येणं, रांगत खुर्चीपर्यंत जाणं, हात बैठकीवर, मजबूत पाय पुढे, रेटून वर, वळून बसणं. दंडाला धरून ओढू नका, खांदा जायबंदी होतो.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेत मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या नोंदींवरून 2018 मध्ये एक अभ्यास आला. पडून आलेल्या ज्या वृद्धांना इमर्जन्सीतच फिजिओथेरपी मिळाली, त्यांचं 30 आणि 60 दिवसांत पुन्हा पडून येण्याचं प्रमाण कमी होतं. हा प्रयोग नव्हता, नोंदींची पाहणी होती, म्हणून मी त्यावर फार मोठा दावा करत नाही. पण वर सांगितलेल्या तपासणीला खर्च किती? एक खुर्ची, एक घड्याळ आणि वीसेक मिनिटं.

आपल्याकडे कॅज्युअल्टीत फिजिओ आपसूक येईलच असं नाही. "घरी सोडण्याआधी यांना चालवून बघा," असं स्पष्ट म्हणा. रात्री फिजिओ नसेल तर निवासी डॉक्टर किंवा सिस्टरही ते 3 मीटर चालवून बघू शकतात. आधाराशिवाय उभंच राहता येत नसेल, तर सकाळपर्यंत तिथेच ठेवून घ्यायला सांगा.

घरी आल्यावर पहिल्या रात्री संडासाच्या वाटेवर दिवा चालू ठेवा, पायपुसणी उचला, आणि उठताना कुणीतरी बरोबर असू द्या. भिंतीत पक्का दांडा बसेपर्यंत टॉवेलचा रॉड काढून टाका, कारण तोल गेला की हात आधी त्यालाच जातो आणि तो उखडून हातात येतो.