जपानी ग्राइंडर आणि आपलं ४१५ व्होल्ट

मागच्या दिवाळीनंतर मी कोल्हापुरातल्या आमच्या शेडसाठी एक जुना सरफेस ग्राइंडर, म्हणजे लोखंडाचा पृष्ठभाग घासून सपाट करायचं मशीन, घेतला, जपानी, आणि अजूनही त्याच्यावर जीव आहे माझा, कारण स्लाइडवेवरची, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं तिथली, स्क्रेपिंगची (खरवडून सपाट केल्याची) नक्षी इतक्या वर्षांनी पण तशीच्या तशी दिसत होती. मी स्पिंडलला (चाक फिरवणाऱ्या दांड्याला) डायल लावून बघितलं, टेबल हातानं सरकवून बघितलं, तेल कुठं गळतंय का बघितलं, सगळं बघितलं, फक्त मोटरवरची प्लेट वाचली नाही. विकणारा म्हणाला, "थ्री फेज आहे की साहेब, जोडा आणि चालवा." मी पण तेवढ्यावर गप्प बसलो.

पण थ्री फेज म्हणजे किती व्होल्ट? आपल्याकडं दोन फेजमधे ४१५, जपानमधे कारखान्यात २००. आमच्या वायरमन मामांनी जोडलं आणि मेन स्विच टाकल्या टाकल्या पॅनेलमधून असला घुमणारा आवाज आला की मी धावत जाऊन बंद केलं, तरी तोवर जळका वास सुटलाच होता. झालं काय होतं, आत कंट्रोलचा एक छोटा ट्रान्सफॉर्मर होता, २०० चे १०० करणारा. त्याला ४१५ मिळाले, म्हणजे पुढं दोनशेच्या वर गेले, तो स्वतः जळला आणि पॅनेलचा दिवा पण गेला. मोटर चालू करायचं बटण अजून दाबलंच नव्हतं म्हणून स्पिंडलची मोटर वाचली. ती गेली असती तर वाइंडिंगचं सोडा, ग्राइंडरच्या स्पिंडलचं बॅलन्स परत तसं मिळवणं अवघड असतं हो. अजून एक गोष्ट, मशीनच्या केबलमधे लाल, पांढरी, काळी आणि हिरवी वायर होती, आपल्याकडं काळी म्हटलं की हात आपोआप न्यूट्रलकडं जातो आणि मामा पण तेच करणार होते, पण इथं काळी पण फेजच आणि न्यूट्रल नाहीच, हिरवी तेवढी अर्थिंगची.

मग बसून प्लेट पुसून काढली. अक्षरं जपानी, पण आकडे वाचता येतात. व्होल्टसमोर तीन आकडे, २००, २००, २२०, आणि खाली हर्ट्झसमोर, म्हणजे विजेच्या फ्रिक्वेन्सीसमोर, ५०, ६०, ६०. हे असं का, तर जपानमधे दोन फ्रिक्वेन्सी आहेत, १९ व्या शतकाच्या शेवटी टोकियोनं जर्मन जनरेटर आणले ५० चे आणि ओसाकानं अमेरिकन ६० चे, ते आजतागायत तसंच चालू आहे. त्यामुळं तिथल्या बऱ्याच मोटरी दोन्हीवर चालतील अशाच बनवतात. मला हे बघून केवढं हायसं वाटलं! नुसतं ६० लिहिलेलं असतं तर ५० वर २०० व्होल्ट पण जास्त झाले असते, कारण हर्ट्झ जेवढे कमी तेवढ्याच प्रमाणात व्होल्ट पण उतरवावे लागतात, म्हणजे १६७ च्या आसपास.

५० वर मोटर सावकाश फिरते, ३४२० च्या जागी २८५०. ग्राइंडिंग व्हीलला त्यानं धोका नाही, उलट स्पीड वाढवताना घाबरायचं असतं, व्हीलवर कमाल आरपीएम छापलेला असतो तो ओलांडायचा नाही म्हणजे नाही.

ट्रान्सफॉर्मर मी ५ केव्हीए क्षमतेचा घेतला, ४१५ ते २००, दोन्ही वाइंडिंग वेगळी असलेला. दोन्ही बाजूंना मिळून एकच वाइंडिंग असलेला ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्तात मिळत होता, पण त्यात आत काही तुटलं तर ४१५ थेट मशीनवर येऊ शकतात, एकदा वास घेतल्यावर परत ती जोखीम नको वाटली. स्पिंडल, हायड्रॉलिक आणि कूलंट मिळून माझा भार अडीच किलोवॅटच्या आत आहे, पण मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून तेवढी जागा ठेवायची. आणि २००च्या बाजूला करंट दुप्पट असतो, तिथं केबल जाड लागते, जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले पण त्याच हिशोबाचा.

एका मित्राचं नेमकं उलटं झालं. घरामागच्या गॅरेजमधे सिंगल फेज, आणि जुनी २ एचपीची लेथ आणली थ्री फेज ४१५ ची. त्याला ड्राइव्ह सांगितला, म्हणजे मोटरला हवे तसे व्होल्ट आणि हर्ट्झ करून देणारा डबा, सिंगल फेज आत आणि २३० व्होल्ट थ्री फेज बाहेर. स्टार आणि डेल्टा म्हणजे मोटरची तीन वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती, स्टारमधे तिन्हींचं एक-एक टोक एकत्र बांधतात, डेल्टात टोकाला टोक जोडून त्रिकोण करतात. स्टारमधे ४१५ वर चालणारी मोटर डेल्टात केली की २४० वर पूर्ण ताकदीनं चालते. अडचण एवढीच की टर्मिनल बॉक्समधे तीनच वायरी होत्या, स्टारचा जोड आत वाइंडिंगमधेच बांधून टाकलेला. उद्यमनगरातल्या रिवाइंडिंगवाल्या काकांकडं गेलो, त्यांनी कव्हर काढलं, वॉर्निश खरवडून जोड शोधला, सोडवला, तीन नव्या वायरी स्लीव्ह घालून बाहेर काढल्या आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून दाखवला. जुना स्टार्टर आम्ही काढूनच टाकला, ड्राइव्ह आणि मोटरच्या मधे कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला विजेवर चालणारा स्विच) ठेवत नाहीत. संध्याकाळी ४० हर्ट्झवर पहिल्यांदा चक फिरला, आणि मित्र हातात करंट मोजायचा क्लॅम्प मीटर धरून तिन्ही वायरींचं रीडिंग परत परत बघत बसला होता.