खासदार कमी करा म्हणून खासदाराची सही

खासदारांचा पगार महिना १ लाखावरून १ लाख २४ हजार झाल्याची बातमी मार्च २०२५ मध्ये आली. वाढ मागच्या तारखेपासून, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून. सारसबागेतल्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर त्या दिवशी कोणी फिरलंच नाही. कट्ट्यावरचे सगळ्यांत ज्येष्ठ आजोबा म्हणाले, "५४३ हवेत कशाला? चारशे पुरे झाले. इटलीनं नाही का कमी केले?" केले होते खरे. २०२० मध्ये सार्वमत घेऊन त्यांनी संसदेतले ९४५ सदस्य ६०० वर आणले. तर आपणही लोकसभेला याचिका पाठवायची असं ठरलं आणि मी बँकेतून निवृत्त झालेली, म्हणून मसुदा माझ्या गळ्यात पडला.

मला वाटलं होतं, याचिका म्हणजे एक खरमरीत पत्र. नियम वाचायला बसले तेव्हा कळलं की खरमरीत हीच पहिली अडचण. भाषा आदरयुक्त आणि संयमित हवी. (हा नियम पुणेरी पाट्यांना लावला तर अर्धं शहर मुकं होईल.) आजोबांच्या मसुद्यातले 'पांढरे हत्ती' आणि 'जनतेच्या ताटातलं ओरपणारे' मी लाल पेननं कापले, ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मराठीत लिहिता येतं, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सही करून जोडावं लागतं. प्रत्येक सहीपुढे पूर्ण नाव आणि पत्ता. शेवटी नेमकं काय मागताय ते स्पष्ट लिहायचं. बाकी कसलीही कागदपत्रं जोडायची नाहीत. ही अट मला फार लागली, कारण मी चार पानी तक्ता केला होता.

तक्ता करतानाच खरं तर माझं मन डळमळलं होतं. लोकसभा ५४३, राज्यसभा २४५, मिळून ७८८. प्रत्येकी वर्षाचा पगार १४ लाख ८८ हजार. सगळ्यांचा मिळून साधारण ११७ कोटी. केंद्राचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ५० लाख ६५ हजार कोटींचं. म्हणजे सरकारच्या शंभर रुपयांतला पाव पैसासुद्धा नाही. मी तीनदा ताळा केला. भत्ते, विमानप्रवास, बंगले, कर्मचारी असं सगळं धरून आकडा दसपट केला, तरी अडीच पैशांच्या आतच. खासदार निधी यात धरला नाही, वर्षाला ५ कोटी, पण तो त्यांच्या खिशात जात नाही, रस्त्यावर आणि समाजमंदिरावर जातो.

आणि इटलीचं म्हणाल तर कपातीनंतरही तिथे लाखभर माणसांमागे एक सदस्य येतो. आपल्याकडे एका लोकसभा खासदाराच्या वाट्याला सरासरी २६ लाख. चारशे केले तर ३५ लाख. शिवाय राज्यांच्या वाट्याच्या जागा अजून १९७१ च्या जनगणनेवर अडकलेल्या. माझी बहीण धायरीला राहते, माझ्यापासून रिक्षाच्या अंतरावर, पण तिचं मत बारामतीच्या खासदाराला आणि माझं पुण्याच्या. मतदारसंघ आणखी मोठे केले तर ती कुठे जाईल देव जाणे.

तरी कट्ट्याला शब्द दिला होता. लोकसभेत याचिका सादर व्हायची तर तिच्यावर एका खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. म्हणून एका खासदारांच्या संपर्क कार्यालयात गेले. पीएंनी पहिलं पान वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "काकू, खासदार कमी करा म्हणून खासदारांची सही मागताय?" मग हसत त्यांनी चहा मागवला आणि बसायला सांगितलं.

तासभर बसले. रेल्वेच्या इमर्जन्सी कोट्यासाठी पत्र हवं असलेले तिघे. एक बाई मुलाच्या ऑपरेशनसाठी पंतप्रधान मदतनिधीची शिफारस मागायला आलेल्या. एका जोडप्याला केंद्रीय विद्यालयात खासदार कोट्यातून प्रवेश हवा होता. तो कोटा २०२२ मध्येच बंद झाला, हे पीएंनी त्यांना शांतपणे तिसऱ्यांदा समजावलं.

मदतनिधीवाल्या बाईंकडे बघताना मला २०२३ आठवलं. गिरीश बापट यांचं २९ मार्चला निधन झालं आणि पुण्याची जागा रिकामी झाली. आमच्या शेजारच्यांना असंच एक पत्र हवं होतं, पण पुण्याचा खासदारच नव्हता. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पोटनिवडणूक घ्यायला सांगितलं, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि थेट जून २०२४ मध्ये नवा खासदार आला. महापालिकेत तर मार्च २०२२ पासूनच प्रशासक होता. खासदार नाही, नगरसेवक नाही. आम्हाला चारशे हवे होते, पुण्याला चौदा महिने शून्य मिळाला होता. त्यात कोणाचा पाव पैसा वाचला असेल तर तो आमच्यापर्यंत आला नाही.

मी याचिका परत घेतली आणि घरी येऊन मागणी बदलली. रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची असं लोकप्रतिनिधी कायद्याचं कलम १५१अ सांगतं, पण दोन अपवाद ठेवतं: मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर, किंवा एवढ्या वेळात निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगानं केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं तर. आम्ही मागितलं की हा दुसरा अपवाद आवळा आणि वापरलाच तर कारणं जाहीर करा. कट्ट्यावर दोन सकाळी वादात गेल्या. आजोबा म्हणाले, "तुला चहा पाजून फितवलं!" चहा बरा होता, हे मी कबूल केलं.

एकतीस सह्या झाल्या. भाषांतर भाच्यानं केलं. पंधरा दिवसांनी पीएंचा फोन आला: साहेबांची सही झाली आहे, पण अकरा नंबरच्या सहीपुढे पत्ता नाही, तेवढा लिहून द्या. अकरा नंबर आजोबांचा. मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा शोधला, पत्ता लिहिला, पिनकोडसुद्धा लिहिला आणि कागद परत देताना म्हणाले, "माझं मत अजून चारशेच आहे हो."