चुना ओला असेपर्यंत

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या राजवाड्याच्या मोठ्या चौकात उभं राहिलं की भिंती रंगवल्यासारख्या वाटतात. पण हा स्ग्राफितो आहे: काळ्या गिलाव्यावर चुन्याचा पांढरा हात द्यायचा आणि ओला असतानाच खरवडून चित्र काढायचं. 1548पासून इथला, म्हणजे सॅक्सनीचा, राज्यकर्ता मोरित्स याने वाडा वाढवला, तेव्हा इटलीतल्या ब्रेशाचे तोला बंधू इथे कामाला होते. फेब्रुवारी 1945च्या बॉम्बहल्ल्यात वाडा जळाला. आज चौकात दिसतं ते काम नव्याने केलेलं.

त्या दिवशी आम्ही याच पद्धतीचा चौरस मीटरभर नमुना लावत होतो. भिंत आदल्या संध्याकाळपासून भिजवलेली. खालच्या थराला एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू. त्यावर कोळशाची पूड घातलेला सेंटीमीटरभर काळा थर, थापीने दाबून. अंगठा रुतत नाही पण ठसा उमटतो, इतका तो आवळला की पातळ चुन्याचे दोन हात. मग भोकं पाडलेला कागद लावून त्यावर कोळशाची पुरचुंडी आपटायची, नक्षी उतरते. खरवडायला हाताशी मोजके तास.

दुपारी ऊन उजव्या अर्ध्या भागावर आलं. डावीकडे लोखंडी आकडीखाली चुन्याची ओलसर साल सुटत होती, कड स्वच्छ. उजवीकडे तीच आकडी करकरू लागली आणि रेषेलगत पांढऱ्याचे टवके उडाले. चुना नुसता वाळून पक्का होत नाही. ओल असेपर्यंतच तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पांढरा हात काळ्या थराला धरतो. पाणी आधीच उडालं तर तो धुळीसारखा वर बसून राहतो, मग कितीही पाणी मारा. उजवा भाग काळ्या थरासकट काढला आणि दुसऱ्या दिवशी ओल्या गोणपाटाच्या आडोशाने पुन्हा लावला. कडा मात्र दोन्हीकडे उतरत्याच कापल्या. उभ्या कापल्या तर पावसाचं पाणी खाचेत थांबतं, थंडीत गोठतं आणि पांढरा थर उचलतं.

वाड्याच्या तबेल्याच्या चौकाला बाहेरून जी भिंत आहे, तिच्यावर चित्रकार विल्हेल्म वाल्टरने 1876पर्यंत राजघराण्याची 102 मीटर लांब मिरवणूक अशीच खरवडून काढली होती. तीसेक वर्षांत ती झिजली. 1904 ते 1907मध्ये तेच चित्र मायसेनच्या सुमारे 23,000 पोर्सिलेन फरशांवर उतरवलं. कडक भट्टीतून निघालेल्या त्या फरशा 1945ची आगही बऱ्याच अंशी सोसून गेल्या.

तरी चौकात चुनाच हवा. तिरप्या उन्हात खरवडलेल्या रेषेत मिलिमीटरभर सावली पडते. फरशीवर ती पडत नाही.