परदेशातलं हॉटेल: बुकिंग झाल्यानंतरची खबरदारी

‘आपल्या कार्डाची पडताळणी होऊ शकली नाही. पुढच्या 12 तासांत खालील लिंकवर जाऊन ती पूर्ण करा, अन्यथा आपलं बुकिंग रद्द होईल.’

दुबई, बँकॉक, रोम, कुठलंही हॉटेल बुक केलेलं असो, असा मेसेज येऊ शकतो. त्यात तुमचं नाव बरोबर असतं. हॉटेल, तारखा, कधीकधी भाड्याची रक्कमसुद्धा बरोबर असते. तो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, ईमेलवर येतो आणि काही वेळा ज्या अ‍ॅपवरून बुकिंग केलं त्याच अ‍ॅपच्या चॅटमध्ये, हॉटेलच्या नावाने येतो. एवढी माहिती जुळल्यावर संशय कोण घेणार?

आपण सगळी काळजी बुकिंग करण्याच्या त्या दहा मिनिटांत घेतो. साइट खरी आहे ना, वेब पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय ना, एवढं बघितलं की निश्चिंत होतो. धोका खरा सुरू होतो तो त्यानंतर, बुकिंग आणि प्रवास यांच्या मधल्या आठवड्यांत.

चोर बहुतेक वेळा तुमच्याकडे येतच नाहीत, ते हॉटेलच्या रिसेप्शनवर जातात. बुकिंग साइटवर प्रत्येक हॉटेलचं स्वतःचं लॉगिन असतं आणि त्यात येणाऱ्या पाहुण्यांची नावं, नंबर, तारखा दिसतात. ते लॉगिन हाती लागलं की खऱ्या हॉटेलच्या खऱ्या खात्यातून खोटा मेसेज पाठवता येतो. मायक्रोसॉफ्टने मार्च 2025 मध्ये अशाच एका मोहिमेची माहिती दिली होती. डिसेंबर 2024 पासून हॉटेल कर्मचाऱ्यांना बुकिंग डॉट कॉमच्या नावाने ईमेल जात होते, ‘एका पाहुण्याने वाईट रिव्ह्यू दिलाय, बघा’ अशा धर्तीचे. लिंक उघडली की ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असं खोटं पान येई आणि कर्मचाऱ्याकडूनच कीबोर्डवर दोन-तीन बटणं दाबून घेऊन संगणकात पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम उतरवला जाई. त्याआधी, 2018 च्या शेवटी, संयुक्त अरब अमिरातीतल्या 40 हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांकडून फोनवरच लॉगिन काढून घेतले गेले. 4,100 हून अधिक पाहुण्यांची माहिती बाहेर गेली. त्यातल्या 283 जणांचे कार्डाचे तपशील होते आणि 97 जणांचा तर सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावरचा गुप्त सुरक्षा आकडासुद्धा. हे कळवायला 22 दिवस उशीर केला म्हणून नेदरलँड्सच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने 2021 मध्ये बुकिंग डॉट कॉमला 4,75,000 युरो दंड केला.

म्हणून मेसेजमधले तपशील बरोबर असणं हा तो खरा असल्याचा पुरावा नाही. मेसेज कुठल्या चॅटमध्ये आला हाही पुरावा नाही. माझ्या मते नियम एकच ठेवावा आणि त्याला अपवाद करू नये: मेसेजमधल्या लिंकवर कार्डाचा नंबर टाकायचा नाही, मग ती लिंक कुणीही पाठवलेली असो. अ‍ॅप आपण स्वतः उघडायचं, ‘माझी बुकिंग्ज’मध्ये जायचं आणि बुकिंगच्या मुख्य पानावर पेमेंटबद्दल काही सूचना आहे का ते बघायचं. कार्ड नाकारलं जाणं ही खरी अडचणही असू शकते आणि तेव्हा साइट खरोखरच मुदत घालून दुसरं कार्ड मागते. पण ती मागणी बुकिंगच्या पानावर दिसते, नुसत्या चॅटमध्ये नाही. पानावर सगळं ठीक असेल आणि चॅटमध्ये घाई चाललेली असेल, तर हॉटेलचं खातं फुटलंय असं समजून साइटच्या ग्राहकसेवेला कळवावं. बुकिंग डॉट कॉमसारख्या साइटवर बुकिंग क्रमांकासोबत येणारा पिनही फोनवर कुणाला सांगू नये. क्रमांक आणि पिन मिळाला की दुसरा माणूस तुमच्या बुकिंगमध्ये बदल करू शकतो.

वेब पत्ता वाचण्याची एक पद्धत आहे. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्यायच्या. त्यापुढे जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिथून मागे डावीकडे वाचत यायचं. तिच्या लगतचे, डॉटने जोडलेले शेवटचे दोन तुकडे म्हणजे खरा मालक. ब्रिटनसारख्या देशांच्या पत्त्यात ते तीन असतात. ‘बुकिंग डॉट कॉम डॉट गेस्ट-व्हेरिफाय डॉट इन्फो’ या पत्त्याचा मालक ‘गेस्ट-व्हेरिफाय डॉट इन्फो’ आहे, सुरुवातीचं ‘बुकिंग डॉट कॉम’ फक्त डोळ्यांना फसवायला. 2025 मध्ये तर तिरक्या रेघेच्या जागी तिच्यासारखंच दिसणारं एक जपानी अक्षर घालून पत्ते बनवले गेले. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तो फरक दिसत नाही, म्हणून पत्ता तपासत बसण्यापेक्षा लिंक न उघडणंच बरं. आणि कुलपाचा अर्थ इतकाच की तुमचा ब्राउझर आणि ती साइट यांच्यातलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे चोर बसला असला तरी कुलूप दिसू शकतं.

कार्ड शक्यतो क्रेडिटच वापरावं. डेबिट कार्डावर फसवणूक झाली तर पैसे खात्यातून गेलेले असतात आणि भांडण नंतर सुरू होतं. शिवाय चेक-इनला हॉटेल अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर ती फक्त मर्यादेतून कमी होते, डेबिट कार्डावर मात्र तुमचीच रोकड कधीकधी दोन-तीन आठवडे अडकते.

ओटीपी येईल आणि तेव्हा बघू, हा आपल्याकडचा भरवसा परदेशी व्यापाऱ्यांच्या बाबतीत चालत नाही. कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर तिकडे पैसे कापले जाऊ शकतात. आपल्या हातात असलेला खरा ब्रेक म्हणजे बँकेच्या अ‍ॅपमधला ‘इंटरनॅशनल ऑनलाइन’ हा स्विच. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्डांवर तो मुळात बंदच असतो. बुकिंगपुरता चालू करा, मर्यादा खोलीच्या रकमेपेक्षा थोडीच वर ठेवा आणि काम झालं की बंद करा.

इथे मात्र एक मेख आहे. ‘आत्ता काही भरू नका’ प्रकारच्या बुकिंगमध्ये हॉटेल ठरलेल्या तारखेला, समजा आगमनाच्या सात दिवस आधी, स्वतःहून रक्कम कापतं. त्या दिवशी स्विच बंद असेल तर कार्ड नाकारलं जातं आणि बुकिंग खरोखर रद्द होऊ शकतं. त्यामुळे अटींमध्ये कापण्याची तारीख शोधा, कॅलेंडरमध्ये टाका आणि आदल्या दिवशी स्विच चालू करा. मधल्या काळात कार्ड बदललं असेल तर नवा नंबर अ‍ॅपमध्ये जाऊन टाका.

पैसे भरताना ‘रुपयांत भरा’ हा पर्याय समोर आला तर सहसा नको म्हणा. त्यात व्यापाऱ्याच्या बाजूचा महाग दर लागतो आणि काही बँका वर आपलं शुल्कही लावतात. हॉटेलच्या चलनात भरल्यास बँकेचं मार्कअप (परकीय चलनावरचं शुल्क), बहुतेक कार्डांवर 2 ते 3.5 टक्के आणि त्यावर जीएसटी, एवढंच जातं.

काही छोटी कौटुंबिक गेस्टहाउसेस कार्ड घेतच नाहीत, बँकेत आगाऊ रक्कम मागतात. युरोपात अशा वेळी आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते नंबर मिळतो. त्याची पहिली दोन अक्षरं देशाची असतात, इटलीचा नंबर ‘आयटी’ने सुरू होतो आणि 27 अक्षरांचा असतो, जर्मनीचा ‘डीई’ने आणि 22 अक्षरांचा. रोममधल्या गेस्टहाउसचं खातं तिसऱ्याच देशात आणि कुणा व्यक्तीच्या नावावर असेल तर पैसे पाठवू नका. असे पैसे गेले की परत मिळवणं जवळजवळ अशक्य. साइटवरचं घर पसंत केल्यावर मालक ‘बाहेर व्यवहार करू, स्वस्त पडेल’ म्हणाला तर तिथेच थांबा, कारण बाहेर पडताच साइटचं सगळं संरक्षण संपतं.

हॉटेलऐवजी अपार्टमेंट घेणाऱ्यांनी ती जागा तिथल्या कायद्यात बसते का हे बघायलाच हवं. सिंगापूरमध्ये खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देता येत नाही, सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटला तर किमान सहा महिने लागतात. बँकॉकमध्ये हॉटेल परवाना नसलेला कॉन्डो (खासगी इमारतीतला फ्लॅट) 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी देणं बेकायदा आहे. इटलीत 1 जानेवारी 2025 पासून प्रत्येक जाहिरातीत सीआयएन हा राष्ट्रीय ओळखक्रमांक दाखवावा लागतो, दुबईत हॉलिडे होमला पर्यटन खात्याचा परवाना लागतो. बेकायदा जागेत मालकाचं नुकसान होईल तेव्हा होईल, रस्त्यावर बॅगा घेऊन उभं आपल्याला राहावं लागतं. जपानमध्ये 15 जून 2018 ला नवा कायदा लागू झाला, तेव्हा घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या साइटने नोंदणी नसलेली घरं यादीतून काढली आणि पाहुण्यांची पक्की बुकिंग्ज ऐन वेळी रद्द झाली.

आता दुसरा भाग, ज्याकडे लोक दुर्लक्ष करतात. तुमच्याकडे कन्फर्मेशन आहे म्हणजे हॉटेलकडे तुमचं नाव आहेच असं नाही. स्वस्त साइटवर घेतलेली खोली कधीकधी घाऊक दलालामार्फत पुढे जाते आणि नाव हॉटेलच्या यादीत उशिरा पोचतं. बुकिंगनंतर तीन दिवसांनी हॉटेलला ईमेल करा किंवा फोन लावा. नंबर हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या, गूगलच्या वरच्या जाहिरातींमधून नाही. ‘तुमच्या सिस्टिममधला माझा कन्फर्मेशन नंबर द्या’ असं थेट मागा, कारण साइटचा क्रमांक आणि हॉटेलचा क्रमांक वेगवेगळे असतात. निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा विचारा आणि त्याच ईमेलमध्ये पोचण्याची वेळ कळवा. मध्यरात्रीनंतर पोचणार असाल आणि सांगितलं नसेल तर हॉटेल ‘आलेच नाहीत’ म्हणून खोली दुसऱ्याला देऊ शकतं.

तारखांचा घोळ इथेच होतो. मुंबईहून निघालेलं विमान 12 तारखेला पहाटे दीडला उतरत असेल तर खोली 11 च्या रात्रीची हवी. 12 ची घेतली तर दुपारी दोन-तीनपर्यंत लॉबीत बसावं लागेल. मोफत रद्द करण्याची मुदतही हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार संपते, आपल्या नाही. व्हिसाच्या अर्जासाठी रद्द होणारं बुकिंग जोडणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. व्हिसा हातात यायला उशीर झाला आणि मुदत टळली, तर पूर्ण भाडं जातं.

नाव पासपोर्टप्रमाणे लिहा. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, तेही द्या. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत बसून पुण्यातल्या आईवडिलांसाठी खोली घेत असेल तर पाहुण्यांच्या जागी आईवडिलांचीच नावं टाकावीत आणि पूर्ण रक्कम साइटकडे आधी भरता येईल असा पर्याय निवडावा. नाहीतर काउंटरवर ‘ज्या कार्डाने बुकिंग केलं ते दाखवा’ अशी मागणी होते आणि कार्ड सात समुद्रांपलीकडे असतं. हॉटेलला कार्डधारकाचं आगाऊ लेखी अधिकारपत्र लागत असेल तर कार्डाचा फोटो ईमेलने पाठवू नका, सुरक्षित लिंक मागा आणि ती खरी आहे याची फोनवर खात्री करा.

पासपोर्ट चेक-इनला दाखवावाच लागतो, बऱ्याच देशांत तो कायदाच आहे. पण आठवडे आधी स्कॅन मागितला तर कारण विचारा. ऑगस्ट 2025 मध्ये इटलीतल्या हॉटेलांतून चोरलेल्या हजारो ओळखपत्रांच्या प्रती विक्रीला आल्या होत्या. पाठवणं भागच असेल तर प्रतीवर हॉटेलचं नाव आणि तारीख आडवी लिहून पाठवा. आधार किंवा पॅन परदेशी हॉटेलला सहसा लागत नाही.

काउंटरवर जास्तीचे पैसे मागितले की लगेच फसवणूक समजू नये. दुबईत दर खोलीला दर रात्री 7 ते 20 दिरहॅम पर्यटन शुल्क असतं, मलेशियात परदेशी पाहुण्याला दर खोलीला दर रात्री 10 रिंगिट. बुकिंगच्या अटींत ‘हॉटेलमध्ये भरावयाची रक्कम’ असं लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

आणि चुकून कार्डाचे तपशील दिलेच तर? मिनिटं मोजा. आधी अ‍ॅपमधून कार्ड बंद, मग बँकेला फोन आणि तक्रार क्रमांक, मग 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद. 1930 परदेशातून लागेलच असं नाही, म्हणून बँकेचा +91 ने सुरू होणारा नंबर निघण्यापूर्वी सेव्ह करा आणि भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवा. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये आणलेल्या नियमानुसार, चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार पडत नाही. ओटीपी किंवा तपशील स्वतः दिले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. ओटीपी टाकलेल्या व्यवहारात ‘हा मी केलाच नाही’ हा दावा टिकत नाही, पण ‘पैसे घेतले आणि खोली दिली नाही’ हा वाद तरीही घालता येतो. व्हिसा आणि मास्टरकार्डवर त्याला साधारण 120 दिवसांची मुदत असते. त्यासाठी बुकिंगच्या दिवशीच भाडं, रद्द करण्याच्या अटी आणि खोलीचं वर्णन यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, हॉटेलचे ईमेल जोडा आणि चेक-आउटनंतर कार्डाची निदान चार स्टेटमेंट्स येईपर्यंत यातलं काहीही डिलीट करू नका.