इमॅजिकात पुढचा कोस्टर कोणता?

खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कात नवा रोलर कोस्टर आला तर कसला असेल यावर आमच्या ग्रुपवर जाम वाद चाललाय, म्हणजे कन्फर्म काहीच नाहीये, नुसत्या पुड्या सोडणं चालू आहे. माझं म्हणणं, तिथल्या नायट्रोसारखाच अजून एक नको यार. स्विस कंपनी बोलिगर अँड माबिलार्डचा तो, 2013 पासून आहे, पायाखाली फ्लोअरच नाही, 5 वेळा उलटं करतो आणि चढताना चेनचा तो खडखडाट ऐकूनच अर्ध्या पब्लिकची टरकते. भारी आहे, वाद नाही. पण आता लाँचवाला पाहिजे, चढबिढ नाही, थेट सुसाट! तिथल्याच डीप स्पेस कोस्टरमध्ये लाँच आहे पण तो अंधारात बंदिस्त, बाहेरचं काही दिसतच नाही.

एक जण लाकडी कोस्टरसाठी अडून बसलाय. अरे बाबा, खोपोलीचा पाऊस बघितलायस का, लाकूड फुगणार, मेंटेनन्सवाल्यांचे वांधे होणार. त्यापेक्षा डोंगरउताराला चिकटून, झाडांच्या लेव्हलला पळणारा स्टीलचा कोस्टर टाका, उंची कमी असली तरी चालेल, जमीन जवळून गेली की स्पीड डबल वाटतो. फक्त जुलैत धुक्यात चालवतील का, हा प्रश्नच आहे. तुम्हाला काय वाटतं?