बॅरेंट्सचा ध्रुवीय नकाशा आणि त्याचा प्रकाशक कॉर्नेलिस क्लास : कामाची पुढची नोंद

पौर्वात्य देशांना जाणारा उत्तरेचा समुद्रमार्ग शोधत तीन सफरी करणारा डच नाविक विलेम बॅरेंट्स याच्या नावावर १५९८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापल्या गेलेल्या उत्तर समुद्राच्या नकाशाची आजच्या ध्रुवीय नकाशाशी जुळणी करण्याचे काम या टप्प्यात पूर्ण झाले. मूळ प्रत विकत घेणे माझ्या आवाक्यातले नाही, म्हणून सगळे काम मोठ्या स्कॅनवरून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये केले आहे. ज्यांची ओळख निःसंशय पटते अशीच ठिकाणे आधारबिंदू म्हणून घेतली : नॉर्वेचे उत्तर टोक, कोला, बेअर आयलंड, स्पिट्सबर्गन बेटाचा वायव्य किनारा आणि नोवाया झेम्ल्या या रशियाच्या उत्तरेकडील द्वीपसमूहाचे उत्तर टोक.

अक्षांशांच्या बाबतीत नकाशा आश्चर्य वाटावे इतका विश्वासार्ह आहे. या सफरींचा वृत्तांत लिहिणारा खेरिट द वेर बेअर आयलंडचा अक्षांश ७४ अंश ३० मिनिटे देतो, आणि आजच्या नकाशातही ते बेट तेथेच आहे. डोलणाऱ्या जहाजावर किंवा बर्फावर उभे राहून, क्रॉस-स्टाफ (सरकती आडपट्टी लावलेली काठी) आणि धातूची कडी एवढ्याच साधनांनी सूर्याची उंची मोजून हे आकडे मिळवले गेले, हे लक्षात घेतले की या माणसांविषयी मनात आदर दाटून येतो. पूर्व-पश्चिम अंतराची गोष्ट मात्र वेगळी आहे. समुद्रावर अचूक वेळ दाखवणारे घड्याळ नसल्यामुळे रेखांश अंदाजानेच ठरवावा लागे, आणि त्यामुळे जुळणी करताना नोवाया झेम्ल्याचा उत्तर भाग जागेवर बसत नाही. हा दोष मी सॉफ्टवेअरने ताणून झाकलेला नाही, कारण नाविकांना काय मोजता येत होते आणि काय नाही, हे त्यातूनच दिसते.

नकाशातील सर्वांत मोलाची गोष्ट मला ध्रुवाजवळची रिकामी जागा वाटते. केवळ तीन वर्षे आधी, १५९५ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या, नकाशाकार मर्केटरच्या ध्रुवीय नकाशात ध्रुवाभोवती चार मोठे भूखंड मांडलेले होते. बॅरेंट्सच्या नकाशात ते नाहीत. स्पिट्सबर्गनचा जेवढा किनारा प्रत्यक्ष दिसला तेवढाच रेखाटून ‘नवी भूमी’ अशा अर्थाचे साधे डच नाव दिले आहे, आणि पूर्वेची बाजू उघडी सोडली आहे. चुंबकीय ध्रुवाचे बेट आणि समुद्रातील अजस्र प्राणी तेवढे जुन्या वळणाचे उरले आहेत.

आता प्रकाशकाकडे वळतो, कारण या नकाशाचे श्रेय एकट्या बॅरेंट्सला देण्याची जी पद्धत आहे ती मला पुरेशी वाटत नाही. शीर्षकाच्या चौकटीत कर्ता म्हणून बॅरेंट्सचे नाव लॅटिन रूपात आहे. पण नकाशा छापला गेला तेव्हा तो हयात नव्हता. १५९६ मध्ये याकोब फान हेम्सकर्क आणि यान कॉर्नेलिस रेप यांच्या दोन जहाजांनी तिसरी सफर सुरू केली. पुढे जहाजे वेगळी झाली आणि हेम्सकर्क व बॅरेंट्स यांचे जहाज ऑगस्टच्या अखेरीस नोवाया झेम्ल्याच्या किनाऱ्याशी बर्फात अडकले. वाहून आलेल्या लाकडांचे घर बांधून त्यांनी हिवाळा काढला. जून १५९७ मध्ये दोन उघड्या होड्यांतून ते परत निघाले आणि २० जूनला बॅरेंट्स वारला. त्या प्रसंगाचे द वेरने केलेले वर्णन प्रत्येक नकाशाप्रेमीने वाचावे असे आहे. द वेरने स्वतः काढलेला सफरीचा छोटा नकाशा बॅरेंट्सने पाहिला, दोघांचे त्यावर थोडे बोलणे झाले, मग नकाशा बाजूला ठेवून त्याने प्यायला काही मागितले, आणि ते पिऊन होताच त्याची प्राणज्योत मालवली.

जहाजावरच्या सतरा जणांपैकी बारा जण १ नोव्हेंबर १५९७ रोजी अ‍ॅमस्टरडॅमला पोहोचले. पुढच्याच वर्षी द वेरचा सचित्र वृत्तांतही बाहेर आला आणि हा नकाशाही. सोबत आलेली टिपणे आणि आकडे गोळा करणे, खोदकाम करणाऱ्याला तांब्याच्या पत्र्यावर काम नेमून देणे, आणि सफरीची चर्चा ताजी असतानाच सर्व काही बाजारात आणणे, ही जुळवाजुळव ज्याने घडवली तो कॉर्नेलिस क्लास होय.

त्याचे दुकान अ‍ॅमस्टरडॅममध्ये बंदराच्या धक्क्यालगत होते. बॅरेंट्सशी त्याचा संबंध जुना होता, कारण बॅरेंट्सचा भूमध्य समुद्राचा नकाशासंग्रह १५९५ मध्ये त्यानेच काढला होता. त्याआधी १५९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमचा नकाशाकार पेत्रुस प्लान्सियस याने पोर्तुगीज नकाशाकार बार्तोलोमेउ लासो याच्याकडून मिळवलेले नकाशे छापण्याचा अधिकारही क्लासने डच सरकारकडून घेतला होता. पौर्वात्य देशांना जाण्याचा मार्ग, मग तो आफ्रिकेला वळसा घालून असो किंवा उत्तरेच्या बर्फातून, हाच त्याच्या प्रकाशनाचा कणा होता. १६०९ मध्ये तो वारला.

आपल्याला जवळचा वाटणारा धागा इथेच सापडतो. गोव्यात आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेका यांचा सचिव म्हणून राहिलेला यान हाउखेन फान लिन्स्होतेन उत्तरेच्या पहिल्या दोन सफरींत, म्हणजे १५९४ आणि १५९५ मध्ये, सहभागी होता. त्याचे पूर्वेच्या प्रवासाचे प्रसिद्ध पुस्तक १५९६ मध्ये क्लासनेच छापले. त्यातील गोवे शहराच्या मोठ्या आराखड्याचे खोदकाम बाप्तिस्ता फान दूतेकम याचे आहे, आणि बॅरेंट्सच्या ध्रुवीय नकाशाचे खोदकामही त्याचेच. मांडवीकाठचे शहर आणि नोवाया झेम्ल्याचा गोठलेला किनारा या दोन्हींना तांब्यावर आणणारा हात एकच होता.

म्हणून या टप्प्यात मी दोन्ही नकाशांचे स्कॅन शेजारी ठेवून फक्त अक्षरे पाहिली. समुद्राच्या मोकळ्या जागेत दूतेकम अक्षरांची शेपटे लांबवून त्यांचे वेलबुट्टीसारखे वळसे करतो; किनाऱ्यालगतच्या नावांत मात्र तीच अक्षरे आखूड आणि सरळ होतात, म्हणजे वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही. शीर्षक लॅटिनमध्ये आहे, ते युरोपभरच्या ग्राहकांसाठी असावे असे मला वाटते; किनाऱ्यावरची टोके आणि उपसागर मात्र नाविकांनी ठेवलेल्या डच नावांनीच येतात. हा नकाशा लिन्स्होतेनच्या पुस्तकाच्या १५९९ च्या लॅटिन आवृत्तीतही गेला आणि पुढे फ्रँकफर्टच्या द ब्री या प्रकाशक कुटुंबाने त्याची नक्कल काढली. पुढच्या नोंदीत त्या नकलेतील किनाऱ्याची नावे मूळ नकाशातील नावांशी एकेक करून ताडून पाहणार आहे, आणि ज्यांच्याकडे द ब्रीच्या नकलेचा स्वच्छ स्कॅन असेल त्यांनी तो पाठवल्यास हे काम नेमकेपणाने करता येईल.